विमानाचं कॉम्प्युटर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे: मोठ्या विमान कंपनीत नोकरी करणं कसं असतं. गेले आठ दिवस आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र मला दोनच प्रश्न आले. एक, ‘फुकट तिकीट मिळतं का गं?’ आणि दोन, ‘नांदेडचं विमान असं सारखं चालू-बंद का होतं?’ दोन्हींची उत्तरं देते. पण आधी मी तिथे करते काय ते सांगू द्या, कारण तेच कुणाला नीट ठाऊक नाही.

नोकरी लागली तेव्हा गल्लीत बातमी पसरली की अमक्यांची पोरगी विमानात लागली. लोकांना वाटलं एअर होस्टेस. आईनं एकेकाला थांबवून सांगितलं, ‘नाही हो, ती विमानाचं कॉम्प्युटर बघती.’ इतक्या वर्षांत माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला कुणी दिलेलं नाही. मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं. त्याआधी अकरावी-बारावीला तुमच्यातल्या अर्ध्या वर्गासारखीच लातूरला, खोलीवर राहून, पहाटेच्या क्लासला धावत. पुण्यात काही वर्षं बँकांची सॉफ्टवेअर लिहिली आणि मग विमान कंपनीत आले. कंपनीचं नाव इथे घेत नाही, नोकरीच्या करारात तसं कलम आहे. ज्यांना माहीत आहे त्यांनी आपल्यापाशीच ठेवा.

आमच्याकडे एक मोठी खोली आहे. तिला ऑपरेशन्स कंट्रोल म्हणतात. विमानं तिथून दिसत नाहीत, साधी खिडकीसुद्धा नाही. दिवसरात्र माणसं बसलेली असतात आणि समोर पडद्यांवर आडव्या पट्ट्या सरकत असतात. एक पट्टी म्हणजे एक उड्डाण, एक ओळ म्हणजे एक विमान. त्या पट्ट्यांमागचं सॉफ्टवेअर चालू ठेवणं, सुधारणं, बिघडलं तर रात्री दोनला उठून दुरुस्त करणं, हे आमच्या टीमचं काम. भिंतीवरचं घड्याळ आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असतं. जगभरचं विमानांचं काम एकाच वेळेवर चालतं, तिला झुलू टाइम म्हणतात. तुम्ही दिवाळीत पहाटे पाचला अभ्यंगस्नान करता तेव्हा माझ्या पडद्यावर आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. पाच तारखेच्या रात्री दोनचं उड्डाण आमच्या यंत्रणेत चार तारखेला साडेआठचं असतं. सॉफ्टवेअरला हे शिकवणं सोपं, माणसाला अवघड. मध्यरात्रीनंतर साडेबाराचं तिकीट काढून एक दिवस उशिरा विमानतळावर येणारा प्रवासी दर आठवड्याला एक तरी असतोच. तेव्हा इथे बसलेल्या सगळ्यांना विनंती, तिकिटावर बारा वाजल्यानंतरची वेळ दिसली की तारीख दोनदा वाचा.

एक विमान दिवसभरात पाच-सहा, कधी त्याहून जास्त फेऱ्या करतं. उतरलं की लोक उतरवायचे, सामान काढायचं, साफसफाई, इंधन, नवे लोक, नवं सामान, आणि अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा हवेत. जमिनीवर उभं असलेलं विमान पैसे खातं, कमवत नाही. त्यामुळे जानेवारीत दिल्लीला पहाटे धुकं पडलं की संध्याकाळी कोइमतूरला लख्ख हवेत बसलेल्या माणसाचं विमान उशिरा येतं. तो काउंटरवर विचारतो, ‘इथं तर ऊन पडलंय, मग उशीर कशाचा?’ त्याचं बरोबर आहे. आणि काउंटरवरच्या मुलीचंही बरोबर आहे, ती सकाळपासून हेच उत्तर देत असते.

प्रत्येक उशिराला दोन आकडी कोड द्यावा लागतो. जगभर तेच कोड चालतात. ९३ म्हणजे ‘आधीचं विमानच उशिरा आलं’. उशिराचं प्रत्येक मिनिट कुठल्या ना कुठल्या विभागाच्या नावावर चढतं, त्यामुळे कोडवरून जी भांडणं होतात ती पाहिली की मला आपल्या वर्गातला फुटलेला फळा आठवतो. कुणी फोडला हे ठरवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात नवा फळा बसवून झाला असता. इंजिनिअरिंगवाले म्हणतात इंधनाची गाडी उशिरा आली, इंधनवाले म्हणतात दरवाजाच उशिरा उघडला. ९३ सगळ्यांना आवडतो, कारण तो कुणाचाच नसतो.

या यंत्रणेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग लोकांना दिसत नाही. तो आहे वैमानिकांच्या आणि केबिन क्रूच्या तासांचा. कुणी किती तास ड्युटी करायची, किती वेळा उतरायचं, मध्ये किती विश्रांती, याचे नियम डीजीसीए ठरवतं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम जाहीर केले. कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि अंमलबजावणीची तारीख पुढे गेली. आत बसून मी एवढंच सांगेन की थकलेला माणूस स्वतःला थकलेला म्हणत नाही. म्हणून ते यंत्रानं म्हणावं लागतं. रात्री अकराला विमान भरलेलं आहे, दारं बंद व्हायची आहेत आणि पडदा लाल होतो: या वैमानिकाचे तास मुक्कामाला पोचण्याआधी दहा मिनिटांनी संपतात. मग फोन येतो. ‘मॅडम, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. सिस्टिममधून करता येईल का काही?’ करता येत नाही. करता येऊ नये अशीच ती लिहिलेली आहे. त्या रात्री दीडशे-पावणेदोनशे लोक मला न ओळखता शिव्या देतात. माझ्या कामातला हाच तुकडा मला सगळ्यात जास्त आवडतो.

आणि कधी यंत्रणाच जाते. १९ जुलै २०२४ तुम्हाला आठवत असेल. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे लाखो संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आमच्यासारखे चाळीस इंजिनिअर खोलीत बसून एकेक संगणक उठवत होतो आणि तिकडे विमानतळावर पन्नाशी ओलांडलेली जुनी मंडळी कागदावर तक्ते आखत होती: आसन, नाव, सामानाचे नग, वजन. त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला हे हातानं केलेलं होतं. तरुण पोरं त्यांच्यामागे कार्बन पेपर शोधत फिरत होती. त्या दिवशी आमच्या नव्या डॅशबोर्डचं कौतुक कुणी केलं नाही.

आता तिकिटाचं. हो, कर्मचाऱ्याला आणि घरच्यांना सवलतीचं तिकीट मिळतं. पण ते जागा उरली तरच्या बोलीवर. पैसे भरलेला शेवटचा प्रवासी चढला आणि तरी खुर्ची रिकामी राहिली तर तुमचं नाव पुकारतात. लग्नसराईत, दिवाळीत, मे महिन्यात ती राहत नाही. म्हणून आम्ही विमान कंपनीतले लोक घरच्या लग्नाला देवगिरीनं येतो. इथल्या बऱ्याच जणांनी मला नांदेड स्टेशनवर सकाळी केस विस्कटलेल्या अवस्थेत पाहिलेलं आहे.

हसा, पण याची एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगायची की नाही याचा मी बराच विचार केला. २०२२च्या नोव्हेंबरात अण्णांना रात्री दवाखान्यात नेल्याचा भावाचा फोन आला. मी दिल्लीला होते. हैदराबाद-नांदेड विमान तोवर बंद झालेलं होतं, त्यामुळे हैदराबाद गाठायचं आणि पुढे गाडी करायची एवढाच मार्ग होता. सकाळची दोन उड्डाणं माझ्या डोळ्यांसमोर भरून गेली. यादीत माझ्या पुढे किती जण आहेत हे मला फोनवर दिसत होतं, कारण ती यादी दाखवणारा पडदा आमच्याच टीमनं लिहिलेला. शेवटी दुसऱ्या कंपनीचं पूर्ण भाड्याचं तिकीट काढलं. हैदराबादहून टॅक्सी केली. देगलूरला रात्र झाली. मी पोचले तेव्हा अण्णांना घरी आणलेलं होतं.

हे कुणावर राग म्हणून सांगत नाही. नांदेडचं विमान का बंद होतं असं तुम्ही मला विचारता तेव्हा तो प्रश्न मला कुठे लागतो, ते कळावं म्हणून सांगितलं. आता त्याचं उत्तर.

२००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी आपल्या विमानतळाचं रूप पालटलं. किंगफिशरची विमानं आली. ती सेवा गेली आणि २०१२ मध्ये तर ती कंपनीच जमिनीवर आली. मग २७ एप्रिल २०१७. उडान योजनेची पहिली उड्डाणं सुरू झाली, त्यांत सिमला-दिल्लीच्या बरोबरीनं नांदेड-हैदराबाद होतं. आपलं गाव त्या दिवशी देशभरच्या बातम्यांत होतं. ट्रूजेटचं पंख्याचं एटीआर विमान, सत्तरेक आसनांचं. या योजनेत साधारण तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या आसनांसाठी २,५०० रुपयांची भाडेमर्यादा होती आणि कंपनीची तूट सरकार तीन वर्षं भरून देत होतं. तीन वर्षं कधी भरतात? २०२०च्या एप्रिलमध्ये, म्हणजे देशातलं एकही प्रवासी विमान उडत नव्हतं तेव्हा. पुढे २०२२च्या सुरुवातीला ट्रूजेटही थांबली.

तीन वर्षांत मार्गाला पाय फुटतील असा हिशोब असतो. पण विमान घेणारा माणूस एक साधा हिशोब करतो: हेच विमान, हाच वैमानिक, हेच इंधन दुसऱ्या मार्गावर लावलं तर किती मिळेल? इंधन हा आमचा सगळ्यात मोठा खर्च, आणि ते नांदेडला जाताना स्वस्त होत नाही. मुंबईचं तर वेगळंच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळच्या उतरण्याच्या वेळा मोठ्या कंपन्यांनी मोठ्या विमानांसाठी धरून ठेवलेल्या. सत्तर माणसांच्या विमानाला दुपारची भलतीच वेळ मिळते, आणि मुंबईला कोर्टाच्या किंवा मंत्रालयाच्या कामाला जाणाऱ्या माणसाला दुपारी पोचून काय उपयोग? तो रात्रीची गाडी धरतो, सकाळी उतरतो, काम करून परत. मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा हवा विरळ होते आणि विमानाला कमी वजन घेऊन उडावं लागतं. म्हणजे ऐन सुट्टीत वेळप्रसंगी जागा रिकाम्या सोडायच्या. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं म्हणून इथे उभं राहून ऐकवतेय.

२०२४च्या मार्चअखेर स्टार एअरनं पुन्हा सुरुवात केली, ७६ आसनांचं एम्ब्रेयर जेट. बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीजवळचं हिंडन आणि जालंधरजवळचं आदमपूर. आदमपूर का, असं कुणी तरी विचारलं होतं. अहो, सचखंड हुजूर साहिब! वर्षभर, प्रत्येक ऋतूत पंजाबातून येणारे यात्रेकरू हा आपल्या विमानतळाचा खरा आधार आहे. सचखंड एक्सप्रेस ज्यांनी भरून वाहताना पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको.

लातूरकरांनी कान टवकारलेत. लातूरलाही विमानतळ आहे, धावपट्टी आहे आणि तीन अक्षरांचा जागतिक कोडसुद्धा आहे, एलटीयू. आपला एनडीसी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी यंत्रणेतला विमानतळांचा तक्ता उघडला तेव्हा आधी हे दोन शोधले. दोन्ही होते. एलटीयूच्या ओळीत पुढचे रकाने रिकामे.

तशाच एका तक्त्यातली ओळ बंद करायचं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. गाव नांदेड नव्हे, आपल्या राज्यातलंही नव्हे, पण आपल्यासारखंच. सेवा अमुक तारखेपासून थांबणार, पुढच्या बुकिंगना पर्याय द्या. दोनशेच्या आसपास बुकिंग होती. यंत्रणा काय करते, तर ‘सर्वांत जवळचा विमानतळ’ शोधते, तिथून जागा देते आणि सगळ्यांना एक मेसेज पाठवते. जवळचा म्हणजे साडेतीन तासांच्या रस्त्यावरचा. यंत्रणेच्या लेखी काम पूर्ण.

प्रत्येक बुकिंगला सहा अक्षरांचा पीएनआर असतो आणि त्याच्या पोटात लहान लहान सूचना असतात. व्हीलचेअर हवी. मूल एकटं प्रवास करतंय. वैद्यकीय कागद तपासलेत. मी ती यादी वाचत बसले, खरं तर वाचायची गरज नव्हती. एकाच बाईंची पाच बुकिंग होती, दर तीन आठवड्यांनी, जाताना मंगळवार आणि येताना गुरुवार, प्रत्येकात व्हीलचेअर. दर तीन आठवड्यांनी मोठ्या शहरात माणूस कशाला जातो हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

मी वरिष्ठांना लिहिलं की व्हीलचेअर, वैद्यकीय आणि एकट्या मुलांची बुकिंग मेसेजच्या आधी वेगळी काढा आणि त्यांना माणसानं फोन करावा. तीन आठवडे मंजुऱ्या फिरल्या. खर्च कुणाच्या खात्यावर, कॉल सेंटरचे किती तास, हिंदी-इंग्रजीशिवाय तिथली भाषा बोलणारं कोण. शेवटी झालं. त्यानंतर बंद होणाऱ्या किंवा मोठा बदल होणाऱ्या प्रत्येक मार्गासाठी ती यादी आपोआप वेगळी निघते. विमान काही त्यामुळे परत आलं नाही. त्या बाईंना फोन लागला एवढं मला कळलं, पुढचं कळलं नाही.

ही नोकरी पक्की आहे का, असं कुणाच्या तरी वडिलांनी मला लग्नाच्या वेळी विचारलं होतं. तेव्हा मी हो म्हटलं. १७ एप्रिल २०१९च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं आणि पंचवीसेक वर्षं चाललेली कंपनी थांबली. पुढच्या महिन्याभरात आमच्याकडे तिथल्या लोकांच्या मुलाखती झाल्या. माझ्यासमोर वीस वर्षं अनुभवाचा एक गृहस्थ बसला होता, कित्येक महिने पगार नव्हता, आणि मी त्याला डेटाबेसचे प्रश्न विचारत होते. त्याच्या पुढच्याच वर्षी, २५ मार्च ते २५ मे २०२०, देशातली सगळी प्रवासी उड्डाणं बंद. त्या दोन महिन्यांत आम्ही रोज फक्त रद्द करत होतो. रद्द, परतावा, रद्द, परतावा. विमान कंपन्यांना प्रवाशांचे पैसे परत करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १ ऑक्टोबर २०२०ला आला, आणि त्यासाठी पुन्हा सगळं सॉफ्टवेअर बदललं. पगार कापले गेले, टीममधली कित्येक माणसं गेली. मी राहिले. का राहिले याचं उत्तर माझ्यापाशी नाही, माझ्याहून हुशार दोघं गेली.

शेवटचं, आणि हे समोर बसलेल्या आताच्या नववी-दहावीच्या मुलींसाठी. विमान म्हटलं की तुम्हाला दोनच कामं दिसतात. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिलांच्या क्रूचं पहिलं उड्डाण नेलं, तेव्हा आम्ही बालवाडीत होतो. आज महिला वैमानिकांचं प्रमाण आपल्या देशात जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. तेव्हा वैमानिक व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण प्रशिक्षणाचा खर्च आधी घरी नीट बोला, तो फार मोठा आहे. त्याशिवाय विमान दुरुस्त करणारे परवानाधारक इंजिनिअर असतात, उड्डाणाचा मार्ग आणि इंधन काढणारे डिस्पॅचर असतात, विमानात वजन कुठे ठेवायचं ते ठरवणारे लोड कंट्रोलवाले असतात, हवामान सांगणारे, विमानांची वाहतूक सांभाळणारे असतात. यातल्या बहुतेकांना बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. लातूरला दोन वर्षं खोलीवर राहून डॉक्टर-इंजिनिअर या दोन रांगांत उभं राहण्याआधी या बाकीच्या रांगा निदान बघून घ्या.

जेवण झाल्यावर मी मागच्या पिंपळाखाली बसते. कुणाला परीक्षांची, परवान्यांची माहिती हवी असेल तर वही घेऊन या. ज्यांना फक्त तिकीट हवंय त्यांनी जिलेबी घेऊन या, तिकीट मिळणार नाही, पण गप्पा मारू.